पिरोजी, रामा, आनंदी, चिंतामणी: आईबरोबर उझबेकिस्तानात दहा दिवस

आधी कारण सांगते. मी पुण्यात शनिवार-रविवार मातीकाम करते, चौघींनी मिळून एक छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतलीय, आणि गेली तीन वर्षं मला एकच रंग हवाय तो येत नाहीये. पिरोजी. तयार पारदर्शक ग्लेझमध्ये (भांड्यावर भाजून बसणारी काचेसारखी झिलई) तांब्याचं कार्बोनेट ३ टक्के घातलं की हिरवं येतं, छान बाटलीसारखं हिरवं, पण हिरवंच. कमी घातलं तर पोपटी पाणी, जास्त घातलं तर काळपट. आणि फोटोत समरकंदचे घुमट बघितले की पोटात कालवतं, कारण तेही तांबंच आहे, सहाशे वर्षांपूर्वीचं, लाकडं जाळून भाजलेलं. म्हणून ऑक्टोबरमध्ये निघाले. आई म्हणाली मीही येते. आईचं वय ६८, माहेर कोल्हापूर, लग्नानंतर बावीस वर्षं साड्यांच्या दुकानात काउंटरला होती, तिच्याइतके रंग कुणाला कळत नाहीत हे मी मनापासून लिहितेय.

दिवस १, ताश्कंद

दिल्लीहून तीन तासांच्या आत ताश्कंद. घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं एवढंच. सामान टाकलं आणि आईने पहिल्यांदा शास्त्रीजींच्या पुतळ्याकडे चल म्हणून सांगितलं. ११ जानेवारी १९६६, करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते इथे गेले. आई तेव्हा शाळेत होती, शाळा सोडून दिलेली तिला आठवते. आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिलो. तिथल्या रस्त्यालाही त्यांचं नाव आहे.

मग मेट्रो. १९७७ ला सुरू झालीय, आणि २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती. कोस्मोनावतलार स्टेशनच्या भिंती बघा, वर काळसर निळं आणि खाली येता येता फिकट होत जातं, आकाशातून उतरल्यासारखं. आईने तिथेच सुरुवात केली. "वरचा नेव्ही, मग इंक ब्लू, मग हा आनंदी." आनंदी म्हणजे तिच्या दुकानातला फिका, उघडा निळा. तिथून पुढचे दहा दिवस आमचं हेच चाललं आणि शेवटी मी वहीत तिची यादीच लिहून काढली: हिरव्याकडे झुकला की रामा, निळ्याकडे झुकला की चिंतामणी, खोल आणि चमकदार असेल तर मोरपिशी, फिका तो आनंदी, आणि बरोबर मध्ये पिरोजी. दुकानागणिक हे बदलतं, काही ठिकाणी चिंतामणी म्हणून वेगळंच काढून देतात, पण आमच्या घरात हेच कायदे.

संध्याकाळी चोरसू बाजार. भला मोठा निळा-हिरवा घुमट आणि त्याच्या पोटात मसाले, सुकामेवा, मांस, सगळं. जेवायला बसलो तर वेटर विचारतो "कोरा चॉय की कोक चॉय?" कोरा म्हणजे काळा, आणि कोक चॉय म्हणजे ग्रीन टी. आता कोक म्हणजे निळा ना, मी घरून वाचून आले होते की कोक गुंबज म्हणजे निळा घुमट. तर तोच शब्द चहाला हिरवा, घुमटाला निळा. आभाळालाही कोक म्हणतात आणि जुडीच्या पालेभाजीलाही. म्हणजे जो रंग ना धड निळा ना धड हिरवा म्हणून आपण भांडतो त्याच्यासाठी ह्या लोकांकडे मुळात भांडणच नाही, एकाच शब्दात दोन्ही बसतात. मला तो चहा पिताना इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दिवस २ आणि ३, खिवा

ताश्कंदहून विमानाने उर्गेंच, तिथून गाडीने खिवा. इचान कला म्हणजे मातीच्या दहा मीटर उंच तटाच्या आतलं जुनं गाव, सगळं मातकट, भाजक्या पोळीच्या रंगाचं, आणि त्यात मधूनच हा रंग. मला आधी वाटायचं निळं शहर म्हणजे सगळीकडे निळं असेल. तसं नाहीये. नव्वद टक्के माती आणि दहा टक्के पिरोजी, म्हणून तो दिसतो. आई म्हणाली काठ-पदर तेवढाच जरीचा असतो म्हणून जर दिसते.

कलता मिनोर समोर आला तेव्हा मी बोलायचीच थांबले. जाडजूड मिनार, खालचा घेर प्रचंड, उंची साधारण २९ मीटर आणि वर एकदम कापल्यासारखा. मुहम्मद अमीन खानाने १८५१ ला सुरू केला, सत्तर मीटरच्या वर न्यायचा होता म्हणतात, १८५५ ला खान लढाईत मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. पण खालपासून वरपर्यंत झिलईच्या विटा आहेत, पट्ट्यापट्ट्यांनी, आणि अर्धवट असूनही त्याला अर्धवट म्हणवत नाही. मी सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा अशी तीनदा गेले. सकाळी चिंतामणी, दुपारी उन्हात पांढुरका आनंदी, आणि सूर्य मावळताना समोरच्या मातीच्या भिंतींचा तांबूस उजेड पडला की रामा. वीट तीच. आईने हे आधीच सांगितलं होतं, साडी दुकानातल्या ट्यूबखाली घेऊ नये, दारात नेऊन बघावी.

तिसऱ्या दिवशी पहलवान महमूदचा दर्गा. खिव्यातला सगळ्यात मोठा पिरोजी घुमट ह्याचा, वर सोन्याचा कळस. हा माणूस तेराव्या-चौदाव्या शतकातला, कवी, कातड्याच्या टोप्या-कोट शिवणारा कारागीर आणि कधीही न हरलेला मल्ल. गाईडने दंतकथा सांगितली की तो हिंदुस्थानात आला, इथल्या राजाचा जीव वाचवला, राजा म्हणाला माग काय हवं ते, तर ह्याने सोनं नाही मागितलं, आमच्या गावचे जेवढे कैदी एका बैलाच्या कातड्यात मावतील तेवढे सोड म्हणाला. राजा हसून हो म्हणाला. मग ह्याने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिचं रिंगण करून सगळे कैदी आत उभे केले. आईचे दोन्ही भाऊ लहानपणी तालमीत जायचे, लाल मातीचा वास अंगाला घेऊन घरी यायचे. ती दर्ग्यात आत गेली, चौथऱ्यासमोर उभी राहिली आणि आपण तालमीतल्या हनुमानाला करतो तसा नमस्कार केला. शेजारी एक उझबेक आजी ओंजळ पसरून दुवा मागत होती, तिने आईकडे बघून मान हलवली. आत भिंतीपासून छतापर्यंत निळ्या-पांढऱ्या फरश्या, नक्षीत जागाच रिकामी नाही, आजची इमारत १८१० च्या सुमाराची आहे. पैलवानाची समाधी इतक्या नाजूक वेलबुट्टीत असते हे मला फार आवडलं.

दिवस ४, वाळवंट

खिवा ते बुखारा, साडेचारशे किलोमीटर, गाडीने आठ तास. किझिलकुम, म्हणजे लाल वाळू. वाटेत अमूदर्या दिसली, गढूळ. बाकी झुडपं, झुडपं आणि झुडपं, बुटकी करडी खाऱ्या जमिनीतली. मी झोपले. ह्या झुडपांकडे नीट बघायला हवं होतं ते मला पाच दिवसांनी कळलं.

दिवस ५, बुखारा

बुखाऱ्यात पहिल्यांदा सामानी मकबरा बघा असा माझा आग्रह आहे. दहाव्या शतकातला, नुसत्या विटेचा, रंगाचा एक थेंब नाही. विटा आडव्या, उभ्या, तिरप्या लावून टोपली विणल्यासारखी भिंत केलीय. मग तिथून कल्याण मिनारकडे यायचं, तो ११२७ चा, हाही विटेचाच, साधारण ४६ मीटर उंच, आणि मान वर करून बघितलं की वरच्या बाजूला एक अरुंद पट्टा दिसतो निळसर झिलईचा. एवढाच. एका अख्ख्या विटेच्या मिनारावर एक बारीक रेघ. आणि त्याच्या पायथ्याशी मीर-ए-अरब मदरशाचे सोळाव्या शतकातले दोन भरगच्च पिरोजी घुमट. म्हणजे एकाच गावात उभं राहून तुम्हाला दिसतं की रंग कसा आला, आधी नाहीच, मग रेघभर, मग डोक्यावर पूर्ण. मी त्या चौकात अडीच तास बसले होते. आई तोपर्यंत लबी हौज ह्या तळ्याकाठच्या तुतीच्या झाडांखाली जाऊन दोन बायकांशी हातवारे करून गप्पा मारून आली.

त्यातल्या एकीच्या नातवाच्या मनगटात निळ्या मण्यांची दोरी होती, मण्यावर पांढरे ठिपके. कोझमुंचोक म्हणतात, नजर लागू नये म्हणून. आईला भाषांतर लागलं नाही, आपल्याकडे गालावर काजळाची तीट असते तेच हे. फक्त आपण काळं लावतो नि हे निळं बांधतात.

एक गोष्ट मात्र मला खटकली. इथल्या एका दुकानात "अस्सल फिरोजा" म्हणून अंगठीचा खडा मला दाखवला, किंमतही अस्सलच होती, पण ओल्या कापसाने पुसला तर कापूस निळा झाला. पांढरे सच्छिद्र दगड रंगात बुडवून विकतात हे माहीत होतं म्हणून वाचले. खरा फिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट, त्यात पाण्याचा अंश. त्यामुळे तो जिवंत असल्यासारखा वागतो, तेल-अत्तर-घाम लागला की वर्षानुवर्षांत हिरवट होत जातो. सगळ्यात नावाजलेला इराणच्या निशापूरचा. फारसीत पिरोज म्हणजे विजयी, त्यावरून दगडाचं नाव, आणि तेच नाव फिरत फिरत आपल्या पिरोजीत आलंय.

दिवस ६, गिजदुवान आणि संध्याकाळी समरकंद

रेल्वेने गेलो असतो तर दोन तासांत पोचलो असतो पण मला गिजदुवानला थांबायचं होतं, बुखाऱ्याजवळ, कुंभारांचं गाव. इथली भांडी तपकिरी, पिवळी, हिरवी. सुंदर आहेत, पण पिरोजी जवळजवळ नाहीच. ज्या घरात गेलो त्या उस्तोंना (उस्ताद हाच शब्द) मी विचारलं, तांबं वापरता ना? हो. मग हिरवं का? ते म्हणाले आमची झिलई शिशाची, शिशात तांबं हिरवं होतं, निळं पाहिजे असेल तर रिश्तानला जा, त्यांची झिलई इश्कोर आहे. मी वहीत "इश्कोर" लिहून खाली दोन रेघा मारल्या.

समरकंदला पोचेपर्यंत अंधार पडत आला होता. तरी गूर-ए-अमीर ह्या मकबऱ्याला गेलो. तैमूरने नातवासाठी बांधायला घेतला आणि १४०५ ला स्वतःच तिथे झोपला. आत गडद हिरव्या जेडची शिळा आहे. पण बाहेर तो घुमट! गुळगुळीत नाहीये, भोपळ्यासारख्या फुगीर उभ्या कळ्या आहेत, साठाहून जास्त, आणि प्रत्येकीच्या एका कडेला उजेड नि दुसरीला सावली, म्हणजे एकाच वेळी आनंदी आणि मोरपिशी दोन्ही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निऱ्या आहेत ह्या." खरंच निऱ्या होत्या.

दिल्ली लुटून गेलेल्या माणसाच्या कबरीसमोर मला इतकं सुंदर वाटावं ह्याचा त्रास झाला तेही लिहून ठेवते. १३९८ ला दिल्लीत जे झालं ते झालं, आणि परतल्यावर त्याने जी बिबी खानम मशीद बांधायला घेतली तिचे दगड हिंदुस्थानातून नेलेल्या हत्तींनी ओढले. जिंकलेल्या शहरांतले कारागीर तो उचलून आणायचा. ह्या फरश्या बनवणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात स्वतःच्या मर्जीने इथे आले नव्हते. मला घुमट त्यांचे वाटतात, त्याचे नाही.

दिवस ७, समरकंद

पहाटे शाह-ए-जिंदा. आदल्या रात्रीच ठरवलं होतं की गर्दी यायच्या आत जायचं. पायऱ्या मोजत चढायच्या आणि मोजत उतरायच्या, आकडा जुळला तर मन साफ म्हणतात, आईचा जुळला. वर एक अरुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना कबरींच्या इमारती, बहुतेक चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या. त्यातली शादी मुल्क आकाची, १३७२ ची. तैमूरच्या बहिणीने स्वतःच्या मुलीसाठी बांधली, नंतर त्या बहिणीलाही तिथेच पुरलं.

हिच्या दाराच्या भिंतीपाशी मी नाक लावून उभी होते. फरशी सपाट नाहीये, मातीत खोल नक्षी कोरून मग वर झिलई दिलीय. भाजताना झिलई पातळ होऊन खळग्यांत साचलीय आणि उंचवट्यांवरून ओघळलीय, त्यामुळे पानाची कड जवळजवळ पांढरी, उतार आनंदी, आणि तळाशी जिथे थेंबभर साठलाय तिथे गर्द चिंतामणी. एका बोटाएवढ्या पानात चार रंग, आणि तांबं एकच, फक्त जाडी वेगळी. वर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. शेजारी दुरुस्तीत बसवलेल्या नव्या फरश्या आहेत, त्या सपाट एकसारख्या निळ्या, चूक काही नाही पण त्यांच्यात बघत बसावं असं काही नाही. इथे बघत बसवतं.

आणि कबरींवर हाच रंग का ह्याचं उत्तर गाईडने दिलं, तिच्या आजीच्या तोंडी "कोक घालणं" म्हणजे सुतकात असणं. घरात कोणी गेलं की बायका निळं नेसायच्या. जो रंग नजरेपासून पोराला वाचवतो, ज्याचं नाव विजय, तोच दुःखाचा. आईला मी हे सांगितलं तर ती त्या दोघी मायलेकींच्या कबरीकडे बघत राहिली आणि मग माझा हात धरून खाली उतरली, पायऱ्या मोजत.

रेगिस्तान ह्या समरकंदच्या मुख्य चौकाबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. उलुगबेगचा मदरसा १४१७ ते १४२०, समोरचा शेरदोर आणि मधला तिल्याकोरी दोन्ही सतराव्या शतकातले. तिल्याकोरीचा जो पिरोजी घुमट प्रत्येक फोटोत असतो तो मुळात पुराच झाला नव्हता, विसाव्या शतकात सोव्हिएत काळात दुरुस्ती करताना चढवलाय. हे कळल्यावर बरोबरची काही मंडळी हिरमुसली. मला नाही वाईट वाटलं, इतक्या उशिरा का होईना कोणीतरी तो पुरा केला.

दुपारी सियोब बाजारात आई एका कापडवालीशी अडकली. आईच्या अंगावर तिची जुनी इरकल होती, ती बाई पदर हातात घेऊन म्हणाली "फेरुझा." आई म्हणाली "पिरोजी." ती म्हणाली "फेरुझा, फेरुझा रांग!" रांग म्हणजे रंगच. मग एकेक कापड काढून ती तिचा शब्द सांगायची नि आई आपला, फिक्या निळ्याला ती हावोरांग म्हणाली, हवेचा रंग, आणि आईने ताबडतोब "आनंदी" असं ठणकावलं. अर्धा तास. काही विकत घेतलं नाही, तरी तिने आम्हाला चहा पाजला, कोक चॉय.

दिवस ८

अफ्रोसियोब ह्या वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत ताश्कंद. कपडे धुतले. झोप.

दिवस ९, रिश्तान

पहाटेची रेल्वे फरगाना खोऱ्याकडे, वाटेत कामचिकचा १९ किलोमीटरचा बोगदा, २०१६ ला झालाय, मग कोकंदला उतरून टॅक्सीने रिश्तान. गावात शिरताच घराघरासमोर ताटं-वाट्या मांडलेल्या, सगळं निळं-पिरोजी, डाळिंबं, वेली. पण बरीचशी आता विकतच्या तयार झिलईची असतात, ती चकचकीत असतात आणि निळा जरा ओरडतो. आम्हाला इश्कोरवाले हवे होते. दोन-तीन दारं विचारत एका म्हाताऱ्या उस्तोंच्या अंगणात पोचलो, त्यांचा मुलगा थोडं इंग्रजी बोलायचा.

त्यांनी कोपऱ्यातलं एक पोतं उघडलं. आत करडे-काळे, दगडासारखे टणक गोळे. म्हणाले ही राख. खाऱ्या जमिनीतली झुडपं शरद ऋतूत कापायची, खड्ड्यात जाळायची, राख इतकी तापते की वितळून तिचे असे गोळे होतात. ते कुटायचे, पांढऱ्या गारेच्या (क्वार्ट्झ दगडाच्या) पिठात मिसळायचे, भट्टीत वितळवून काच करायची, ती काच परत दळायची, आणि मग त्यात तांबं. तीच ती झुडपं, किझिलकुममध्ये दिवसभर खिडकीतून गेलेली.

आईने एक खडा उचलला, वास घेतला, आणि मी काही म्हणायच्या आत जिभेच्या टोकाला लावला. "अगं, हा सज्जीखार आहे. पापडखार!"

मी उभीच राहिले. बरोबर होतं. आपला जुना सज्जीखार खारट जमिनीतल्या झुडपांच्या राखेचाच. म्हणजे सोडा. आणि तीन वर्षं माझी चूक तिथेच होती, मी तांब्याशी झगडत होते आणि दोष तांब्याचा नव्हताच. तांबं सोड्यात-पोटॅशात पडलं की पिरोजी होतं, शिशात पडलं की हिरवं, आणि माझ्या विकतच्या ग्लेझमध्ये बोरॉन आणि ॲल्युमिना इतकं की तेही हिरव्याकडेच जाणार. तांबं तेच, संगत वेगळी. उझबेकमध्ये इश्कोर म्हणजे अल्कलीच, आपल्या क्षारासारखंच. हे मी पुस्तकात वाचलं असणार, नक्कीच वाचलं असणार, पण आईने चाटून सांगेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

नुसता सोडा पाण्यात घालून चालत नाही, तो विरघळतो आणि मातीत शिरतो, म्हणून आधी गारेबरोबर वितळवून काच करायची, हे उस्तोंनी तीन-तीनदा बजावलं. भेगांचं काय विचारलं तर म्हणाले त्या येणारच, ही झिलई गार होताना मातीपेक्षा जास्त आकसते. आणि अशा भांड्यात आंबट ठेवायचं नाही, आंबट तांबं ओढून घेतं. चहा ठीक, सुकामेवा ठीक.

आम्ही एक वाडगा घेतला, कोसा म्हणतात. बाहेरून कोरी माती, आतून पिरोजी, तळाशी झिलई साठून जवळजवळ मोरपिशी, कडेला पांढरी. आईने तो अंगणात उन्हात नेला, मग सावलीत नेला, मग स्वतःच्या पदरावर ठेवून बघितला. उस्तोंची बायको बघत होती, तिने आत जाऊन स्वतःची ओढणी आणली आणि तीही त्यावर ठेवली. दोघींचं एकमत झालं असावं, कारण नंतर पैशांवरून एक शब्द झाला नाही.

दिवस १०

ताश्कंद, दिल्ली, पुणे. वाडगा आईच्या दोन परकरांत गुंडाळून पूर्ण वेळ मांडीवर. पोहोचला, अखंड.

मी आल्या आल्या सोडा फ्रिट (सोडा आधीच वितळवून केलेल्या काचेची पूड) मागवलंय आणि गारेचं पीठ, चाचणीच्या बारा टिकल्या करून ठेवल्यात, पुढच्या शनिवारी भट्टी लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आईच्या एका हातात तो वाडगा आणि दुसऱ्या हातात दह्याचं भांडं, मी ओरडलेच. ती म्हणाली माहितीये गं, आंबट नाही, जागा करतेय फक्त. आणि दही स्टीलच्या वाटीत काढून वाडग्यात तिने शेंगदाणे भरले.